यीस्टची साक्ष

मिरज तालुक्यात कृष्णेच्या काठाने गेले, की काळ्याभोर कसदार रानात मधूनच पांढरा थर चढलेले तुकडे दिसतात. एकेकाळी याच जमिनीत उसाचे भरघोस पीक येत असे. उपसा सिंचनाने पाणी मुबलक झाले, पाटाने भरपूर पाणी देण्याची पद्धत रुळली आणि भारी काळ्या जमिनीतून त्या पाण्याचा निचरा होईना. भूजल वर चढले, त्यात विरघळलेले क्षार केशाकर्षणाने पृष्ठभागाशी आले, पाण्याची वाफ झाली आणि क्षार मागे उरले. शेतकरी अशा रानाला क्षारपड म्हणतो. जिथे सोडियमने मातीची घडणच बिघडवली, त्या रानाला तो चोपण म्हणतो. देशात क्षारांनी बाधित झालेली जमीन सुमारे ६७ लाख हेक्टर मानली जाते आणि त्यातली सुमारे ६ लाख हेक्टर महाराष्ट्रात आहे. मिरज तालुक्यातल्याच कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात अशा जमिनींच्या सुधारणेवर काम होत आले आहे. माती तपासून क्षारांचे प्रमाण कळते, सामूही कळतो. पण एकाच रानात, तेवढ्याच क्षारांत एक वाण जळून जातो आणि दुसरा तग धरतो, हे का घडते, याचे उत्तर मातीच्या अहवालात सापडत नाही. ते मुळाच्या पेशीवरच्या पटलात दडलेले असते. ते शोधण्याची एक अतिशय सोपी आणि तितकीच भरवशाची रीत यीस्टने विज्ञानाला दिली आहे. ही रीत इतकी उपयोगी का ठरली, तिच्यावर किती विसंबावे आणि आपल्या भागाने ती आपलीशी का करावी, हे या लेखात मांडायचे आहे.

प्रत्येक जिवंत पेशीभोवती मेदाचे अत्यंत पातळ पटल असते. विद्युतभार असलेला कण, म्हणजे आयन, या मेदातून आपसूक पार होऊ शकत नाही. त्याला वाट देतात ती पटलात आरपार बसलेली प्रथिने. त्यांपैकी ज्या प्रथिनांच्या मधोमध आयन वाहून जाण्याजोगी पोकळी असते, त्यांना चॅनेल म्हणतात. पोटॅशियमचे चॅनेल सेकंदाला कोटीच्या घरात आयन सोडते आणि तरीही सुमारे दहा हजार पोटॅशियममागे एखादाच सोडियम आत जाऊ देते. सोडियम तर आकाराने लहान आहे. मग तो का अडतो? रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये जीवाणूतल्या अशा एका चॅनेलची रचना उलगडली तेव्हा हे कळले. पाण्यात आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा झालेले असतात आणि आत शिरण्यासाठी त्यांना सोडावे लागते. चॅनेलच्या अरुंद भागातले ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमला पाण्याची ही उणीव नेमकी भरून देतात. लहानखुऱ्या सोडियमला मात्र त्या सगळ्या अणूंचा एकाच वेळी आधार मिळत नाही, म्हणून पाणी सोडणे त्याला परवडत नाही. या कामासाठी मॅकिनन यांना आणि पाण्याची चॅनेल शोधणाऱ्या पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. शेतकरी खतातून जो पालाश, म्हणजे पोटॅशियम, देतो, तो मुळात शिरतो तो अशाच मार्गांनी. हृदयाचा ठोका आणि मज्जातंतूंतला संदेशही अशाच मार्गांच्या उघडझापीवर चालतो. तेव्हा कोणते प्रथिन कोणता आयन सोडते आणि कधी सोडते, हा प्रश्न शेताचा आहे आणि दवाखान्याचाही.

अडचण अशी, की पेशीत एकच चॅनेल नसते. माणसाच्या जनुकसंचात पोटॅशियमच्या चॅनेलसाठीच सत्तरहून अधिक जनुके आहेत. कुठल्याही एका पेशीत डझनभर प्रकार एकाच वेळी काम करत असतात आणि एकाचे काम दुसऱ्याखाली झाकले जाते. एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी १९७६ मध्ये काचेच्या अतिसूक्ष्म नळीने पटलाच्या ठिपक्याएवढ्या भागातला विद्युतप्रवाह मोजून दाखवला आणि त्या तंत्राला १९९१ मध्ये नोबेल मिळाले. तरी तो प्रवाह नेमका कोणत्या जनुकाच्या प्रथिनाचा, हे तेवढ्यावरून ठरत नाही. घरात नवा बसवलेला नळ चालतो का, हे पाहायचे तर बाकीचे नळ आधी बंद करावे लागतात. तसेच इथे आहे. ज्या पेशीत त्या आयनाची वाटच नाही अशी पेशी हवी, आणि मग तपासायचे प्रथिन एकट्यानेच तिच्यात आणून बसवायला हवे. बेकरीत पाव फुगवणारे आणि साखर कारखान्याच्या आसवनीत मळीपासून मद्यार्क करणारे यीस्ट या कामाला विलक्षण सोयीचे निघाले. ते दीड तासात दुप्पट होते. त्याच्यात बाहेरचे डीएनए घालण्याची रीत १९७८ पासून हाताशी आहे. त्याचा जनुकसंच १९९६ मध्ये पूर्ण वाचला गेला. तो सुमारे सहा हजार जनुकांचा आहे आणि त्यातले जगायला अनिवार्य नसलेले कोणतेही जनुक काढून टाकता येते. शिवाय त्याच्या पेशीला आपल्यासारखेच केंद्रक आहे, प्रथिने घडवून पटलाकडे पाठवण्याची यंत्रणाही बरीचशी तशीच आहे. म्हणून जीवाणूत जी प्रथिने नीट घडत नाहीत, त्यांतली अनेक यीस्टमध्ये घडतात.

या पद्धतीचा पहिला मोठा विजय पालाशाच्याच बाबतीत झाला. यीस्ट पोटॅशियम आत घेते ते मुख्यतः टीआरके-१ आणि टीआरके-२ या दोन प्रथिनांच्या आधाराने. १९८८ मध्ये यांतले पहिले जनुक हाती आले. पुढे दोन्ही जनुके काढलेले यीस्ट तयार झाले. नेहमीचे यीस्ट अत्यल्प पोटॅशियमवरही वाढते, पण या अपंग यीस्टला जगायला लिटरमागे सुमारे १०० मिलिमोल इतके भरपूर पोटॅशियम लागते. कमी पोटॅशियमच्या बशीत ते वाढतच नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत रिचर्ड गेबर यांच्या गटाने आणि फ्रान्समध्ये एर्वे सांतनाक यांच्या गटाने मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीची हजारो जनुके अशा यीस्टमध्ये सोडली. प्रत्येक पेशीला साधारण एक जनुक मिळाले. मग त्या पेशी कमी पोटॅशियमच्या बशांवर पसरल्या. जवळजवळ साऱ्या मेल्या आणि मोजक्या ठिकाणी वसाहती उगवल्या. उगवलेल्या प्रत्येक वसाहतीत पोटॅशियम आत आणणारे एखादे जनुक असणार, असा तर्क होता. ते बाहेर काढून वाचले आणि केएटी-१ व एकेटी-१ ही वनस्पतींची पोटॅशियम चॅनेल जगाला कळली. त्यांची घडण फळमाशीच्या मज्जातंतूंतल्या चॅनेलशी मिळतीजुळती निघाली. पुढे दिसले, की केएटी-१ पानाच्या पर्णरंध्रांभोवतालच्या पेशींत असते आणि रंध्रे उघडण्याच्या कामात भाग घेते, तर एकेटी-१ मुळाच्या पेशींत पालाश ओढून घेते. एकेटी-१ नसलेली रोपे कमी पालाशात खुरटतात, हे १९९८ मध्ये प्रत्यक्ष रोपांवर सिद्ध झाले. वनस्पतीचे चॅनेल कसे दिसते याची आधी काहीच कल्पना नसताना, केवळ कोण जगते आणि कोण मरते एवढ्यावरून, ही जनुके सापडली होती.

सोडियमच्या प्रश्नात यीस्टने आणखी एक पाऊल पुढे टाकले. १९९४ मध्ये डॅनियल शाख्टमन आणि ज्युलियन श्रोडर यांनी याच रीतीने गव्हाच्या मुळातून एचकेटी-१ हे वाहक प्रथिन शोधले. पुढच्याच वर्षी श्रोडर यांच्या प्रयोगशाळेने प्रश्न उलटा लावला. या जनुकात कुठे काय बदलले तर यीस्ट जास्त मिठातही तग धरेल? जनुकात यदृच्छेने बदल घडवून ते यीस्टमध्ये घातले, खारट बशीवर पसरले आणि जे जगले त्यांचे जनुक वाचले. प्रथिनाचा एखादाच घटक बदलला, की सोडियम कमी शिरतो आणि पेशी क्षार सोसते, असे दिसून आले. मुळाने क्षार सोसावा की नाही, हे प्रथिनातल्या एखाद्या जागेवर अवलंबून असू शकते, ही गोष्ट केवढी मोठी! याच घराण्यातल्या प्रथिनांचे महत्त्व पुढे शेतातही दिसले. बंगालच्या किनारी भागातल्या नोना बोकरा या खारट पाणी सोसणाऱ्या भाताच्या वाणात सोडियमला पानांपर्यंत न जाऊ देणारे जनुक २००५ मध्ये ओळखले गेले, ते याच घराण्यातले होते. ऑस्ट्रेलियात गव्हाच्या एका प्राचीन नातलगातले असेच जनुक संकराने बन्सीच्या जातकुळीतल्या गव्हात आणले. क्षारयुक्त शेतात त्या गव्हाचे उत्पन्न २५ टक्क्यांनी वाढल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. भाताचे आणि या गव्हाचे जनुक रोपांच्या वंशावळीतून सापडले, यीस्टच्या बशीतून नव्हे. पण ज्या घराण्यात त्यांची ओळख पटली, त्या घराण्याचे पहिले दार यीस्टनेच उघडले होते.

माणसाच्या आजारांतही या रीतीचा उपयोग झाला. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात फुप्फुसातला द्राव घट्ट होतो, कारण क्लोराइड वाहून नेणारे सीएफटीआर हे चॅनेल बिघडलेले असते. १९८९ मध्ये हे जनुक सापडले. यातल्या सर्वाधिक आढळणाऱ्या दोषात प्रथिनातला एकच घटक गळलेला असतो आणि त्यामुळे प्रथिनाची घडी नीट बसत नाही. यीस्टमध्ये सीएफटीआर नाही, पण त्याच्याच घराण्यातले एसटीई-६ हे प्रथिन आहे आणि त्याच्यावाचून यीस्टचे मीलन होत नाही. संशोधकांनी या प्रथिनाचा एक भाग काढून तिथे सीएफटीआरचा तुकडा बसवला. सदोष तुकडा असता मीलन खुंटले. मग त्या तुकड्यात आणखी कोणते बदल झाले तर मीलन पुन्हा सुरू होते, हे शोधले आणि तेच बदल मानवी चॅनेलमध्येही दोष बऱ्याच अंशी भरून काढतात, असे १९९३ मध्ये दाखवून दिले. बिघडलेली घडी सुधारता येते, हा विश्वास त्यातून बळावला. दुसरे उदाहरण फ्लूच्या विषाणूचे आहे. त्याचे एम-२ हे छोटे चॅनेल यीस्टमध्ये घातले, की यीस्टची वाढ खुंटते. १९९५ मध्ये संशोधकांनी याचाच फायदा घेतला. ज्या रसायनाने यीस्ट पुन्हा वाढू लागते, ते एम-२ अडवणारे असण्याचा संभव आहे, असे धरून त्यांनी रसायने चाळली आणि एक नवे रोधक शोधून काढले. त्याच वर्षी गिनीपिगच्या हृदयातल्या पोटॅशियम चॅनेलने टीआरकेविना तडफडणारे यीस्ट वाचवल्याचेही प्रसिद्ध झाले.

या उदाहरणांतून माझे म्हणणे पुढे येते. यीस्ट उपयोगी का, असे विचारले की बहुतेक जण ते आपल्यासारखे आहे म्हणून, असे उत्तर देतात. ते उत्तर अर्धवट आहे. यीस्टची खरी किंमत त्याच्यात मुद्दाम करून ठेवलेल्या उणिवेत आहे. टीआरके नसलेल्या यीस्टला पोटॅशियमची धड वाट नव्हती, म्हणून परक्या चॅनेलचे काम उघडे पडले. एसटीई-६ विना मीलन नव्हते, म्हणून सीएफटीआरच्या तुकड्याची घडी नजरेला दिसली. साम्य एवढेच पुरे, की परके प्रथिन घडावे आणि पटलापर्यंत पोहोचावे. बाकीचे सारे काम उणीव करते. शिवाय उत्तर जगण्या-मरण्याच्या भाषेत येते. त्यामुळे एका वेळी लक्षावधी पेशींना प्रश्न विचारता येतो आणि महागड्या उपकरणावाचून, बशीवरच्या ठिपक्यांकडे पाहून, उत्तर वाचता येते. प्रथिन मोठ्या प्रमाणात मिळवण्यासाठीही यीस्टच कामाला येते. उंदराच्या मेंदूतल्या पोटॅशियम चॅनेलची रचना मॅकिनन यांच्या गटाने २००५ मध्ये उलगडली, ती पिकिया जातीच्या यीस्टमध्ये ते प्रथिन घडवून. पिकिया आपल्यालाही परके नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये बाजारात आणलेली कावीळ-ब वरची लस याच यीस्टमध्ये तयार झाली.

यावर आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. पहिला असा, की यीस्टचे पटल वेगळे आहे. आपल्या पटलात कोलेस्टेरॉल असते, यीस्टच्या पटलात एर्गोस्टेरॉल. यीस्ट प्रथिनांना जोडते त्या साखरेच्या साखळ्याही वेगळ्या असतात. पुष्कळ चॅनेलना सोबतीची प्रथिने लागतात, ती यीस्टकडे नसतात. कित्येक परकी प्रथिने पटलावर पोहोचण्याआधीच पेशीच्या आत अडकतात. हे सगळे खरे आहे. म्हणून यीस्टमध्ये एखादे प्रथिन काम करत नाही, यावरून ते निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. मात्र एखादे प्रथिन काम करते, तेव्हा ते नाकारणे फार कठीण असते. साक्षीदाराचे मौन आणि साक्षीदाराचे बोलणे यांना सारखे वजन देता येत नाही, एवढे भान ठेवले की हा आक्षेप पद्धतीची मर्यादा ठरवतो, पद्धत मोडत नाही. दुसऱ्या साक्षीदारांचीही हीच गत आहे. एकेटी-१ ने यीस्टला वाचवले, पण बेडकाच्या अंड्यात ते एकटे घातल्यावर मूक राहिले. दोन सहायक प्रथिने त्याला चालू करतात, हे २००६ मध्ये कळले. यीस्टची साक्ष आधी नसती, तर हे चॅनेल निकामी म्हणून बाजूला पडण्याचा धोका होता.

दुसरा आक्षेप असा, की वाढ हे ओबडधोबड माप आहे. चॅनेल हजारांश सेकंदात उघडते आणि मिटते, यीस्टची वाढ दिसायला दोन-तीन दिवस लागतात. शिवाय घातलेले प्रथिन स्वतः चॅनेल नसून यीस्टचेच एखादे झोपलेले प्रथिन जागे करत असेल, तर? ही शंका रास्त आहे आणि तिच्यासाठी कसोट्या ठरलेल्या आहेत. जनुक पुन्हा काढून घ्यावे, वाढ थांबली पाहिजे. जनुक गॅलॅक्टोज असतानाच चालू होईल असे बसवावे, ग्लुकोज दिल्यावर फरक नाहीसा झाला पाहिजे. चॅनेलच्या पोकळीतला नेमका एक घटक बदलावा, प्रथिन तेवढेच घडूनही काम थांबले पाहिजे. आणि शेवटी त्याच यीस्टच्या पटलाला सूक्ष्म नळी लावून प्रवाह मोजावा. यीस्टच्या पटलावरचे प्रवाह असे मोजता येतात, हे १९८६ मध्येच दाखवले गेले होते आणि केएटी-१ चे प्रवाहही पुढे यीस्टमध्ये मोजले गेले. म्हणजे यीस्टने चाळावे आणि विद्युतमापनाने पारखावे, अशी कामाची वाटणी आहे. हजार प्रथिनांतून पाच निवडायला जलद मोजणारे यंत्र उपयोगी नसते. त्या पाचांचे वर्तन सांगायला मात्र तेच लागते.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. प्रथिनाची रचना संगणक सांगतो, २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्याच कामाला मिळाला. मग यीस्टच्या बशा कशाला? कारण रचना म्हणजे वर्तन नव्हे. संगणक प्रथिनाची एक संभाव्य ठेवण दाखवतो. चॅनेलचा अर्थ मात्र त्याच्या उघडण्यात, मिटण्यात आणि निवडीत असतो. एक घटक बदलला तर ठेवण जवळजवळ तशीच दिसू शकते आणि काम मात्र थांबू शकते. एचकेटी-१ मध्ये तर एका घटकाच्या बदलाने क्षार सोसण्याची ताकदच पालटली. संगणकाने सुचवावे आणि जिवंत पेशीने ठरवावे, हाच क्रम राहणार. अंदाज जितके वाढतील, तितकी ते तपासण्याची स्वस्त आणि जलद रीत अधिक लागेल.

चौथा आक्षेप कृष्णाकाठचा शेतकरी घेईल आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्या रानाला निचरा हवा, जनुक काय करायचे? त्याचे पहिले वाक्य पूर्णपणे बरोबर आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून पाण्याला वाट करून देणे, पाणी मोजून देणे, ठिबक वापरणे, चोपण जमिनीत जिप्सम आणि हिरवळीचे खत घालणे, यांना पर्याय नाही. क्षार सोसणारा वाण आहे म्हणून पाणी वारेमाप देत राहिलो, तर क्षार वाढतच जातील आणि एक दिवस तोही वाण हरेल. पण निचऱ्याने जमीन सुधारायला वर्षे जातात आणि तोवर त्या रानात काहीतरी उभे राहावे लागते. तिथे सोसणारा वाण कामाचा आहे. तो निवडताना ऊस, सोयाबीन किंवा हळदीच्या शेकडो वाणांतून कोणाच्या मुळातले प्रथिन सोडियम अडवते, हे कळले, तर पैदासकाराला दरवर्षी रानात चाचपडावे लागणार नाही. त्यासाठी परके जनुक पिकात घालायलाच हवे असेही नाही. ऑस्ट्रेलियातला गहू साध्या संकरानेच घडला. शेतातला प्रयोग शेवटचा न्यायनिवाडा करतो, यात शंका नाही. यीस्टमुळे त्या न्यायासनापुढे योग्य उमेदवार जातात, एवढेच.

मिरजेला या विषयाचे महत्त्व आणखी एका बाजूने आहे. विल्यम वानलेस यांनी १८९० च्या दशकात इथे रुग्णालय उभारले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतले रुग्ण या गावात येत राहिले. आता जनुकतपासणी स्वस्त होत आहे आणि तिच्यासोबत एक नवी अडचण येते. अहवालात चॅनेलच्या जनुकात बदल सापडतो, पण तो रोगाचे कारण आहे की निरुपद्रवी, हे कोणालाच सांगता येत नाही. हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करणाऱ्या पोटॅशियम चॅनेलच्या बाबतीत ही अनिश्चितता रुग्णाच्या घरावर भीतीसारखी बसते. भारतीय कुटुंबांत सापडणारे अनेक बदल परदेशी नोंदींत नसतात, म्हणून ते तपासण्याची गरज आपल्यालाच अधिक आहे. ज्या चॅनेलचे काम यीस्टमध्ये दिसते, त्याच्या जनुकातला असा बदल यीस्टमध्ये घालून वाढ टिकते की खुंटते, हे पाहणे ही त्या अनिश्चिततेतून बाहेर पडण्याची पहिली पायरी ठरू शकते. अंतिम निदान डॉक्टरांचेच, पण त्यांच्या हाती पुरावा तरी येईल.

हे काम फक्त मोठ्या शहरांतल्या मोठ्या संस्थांचे आहे, असे समजण्याचे कारण नाही. यीस्टला ३० अंश सेल्सियसची उबदार पेटी, निर्जंतुक बशा, साखर आणि मिठाचे द्रावण लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि त्यात यीस्टही जपलेली आहेत. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि सांगली-मिरजेची महाविद्यालये हाकेच्या अंतरावर आहेत. जनुक बदलण्याचे नियम, जैवसुरक्षा समितीची परवानगी आणि नीट शिकवणारा मार्गदर्शक या गोष्टी अर्थात टाळता येत नाहीत. पण कसबे डिग्रजच्या केंद्राकडे वाण आहेत, मिरजेच्या दवाखान्यांत प्रश्न आहेत आणि महाविद्यालयांत हात आहेत. यीस्टच्या बशीवर या तिघांची गाठ घालून देता आली, तर क्षारपड रान आणि बिघडलेले हृदय या दोन्हींचे प्रश्न विचारण्याची हिंमत इथल्या मुलांना येईल. उत्तरे बाहेरून आणावी लागली तरी चालेल. प्रश्न मात्र ज्या मातीचे आणि ज्या रुग्णांचे आहेत, त्यांच्याजवळच्या लोकांनीच विचारायला हवेत, आणि ते विचारण्याचे साधन आपल्या आवाक्यात आहे.